जुना फोटो आहे का घरात?

छातीच्या फोटोबद्दल, म्हणजे एक्स-रेबद्दल, आणि सीटीबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. सणासुदीच्या गडबडीतही तुम्ही भरपूर पत्रं पाठवलीत. बहुतेकांनी रिपोर्टची झेरॉक्स जोडली आहे, जुना फोटो मात्र कोणीच पाठवलेला नाही. त्यावर मी या पानभर कटकट करणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी रत्नागिरीत रेडिओलॉजिस्ट आहे. पेशंटशी माझं बोलणं 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा' इतकंच, बाकी सगळा दिवस फोटोंशी. पत्रावरून मी कोणाचं निदान करत नाही. फोटो काय सांगू शकतो आणि कुठे गप्प बसतो, तेवढं सांगते. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : आईचं वय 61. श्रावणात खोकला सुरू झाला. ताप नाही, पण कफ इतका की रात्री उशाशी वाटी ठेवावी लागते. पांढरा, पातळ, तार येणारा. फोटोत उजवीकडे खाली न्यूमोनिया सांगितला. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, फरक नाही. मग थुंकीत काही सापडलं नसताना टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, त्यालाही आता दोन महिने झाले. वजन घटतंय. सीटीत 'कन्सॉलिडेशन' लिहिलंय, गाठ असा शब्द कुठेच नाही, तरी तुकडा काढायला सांगितलाय. आई आयुष्यात विडीला शिवली नाही. मग कॅन्सरचा संशय कशावरून? आणि सुई लावली की तो पसरतो म्हणतात, ते खरं का? (गुहागर तालुका)

ताई, कॅन्सर म्हणजे गोल गाठ, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण फुफ्फुसाचा एक कॅन्सर गाठ न बांधताच पसरतो. त्याला इन्व्हेजिव्ह म्युसिनस अ‍ॅडिनोकार्सिनोमा म्हणतात. 2011 मध्ये वर्गवारी बदलली, त्याआधी हा ब्राँकिओलोअल्व्हिओलर कार्सिनोमा या नावाखाली मोडायचा. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून 'बीएसी' येतं, तेव्हा एकाने एक आजार सांगितला आणि दुसऱ्याने दुसरा, असं समजून घाबरू नका.

या कॅन्सरच्या पेशी वायुकोशांच्या भिंतींवरून सरपटत जातात, फुफ्फुसाचा सांगाडा बराचसा तसाच ठेवतात आणि बुळबुळीत स्राव सोडत राहतात. वायुकोश त्या स्रावाने भरले की फोटोत तेवढा भाग पांढरा दिसतो. न्यूमोनियातही वायुकोश भरतात, तिथे पू असतो. एक्स-रेला पू आणि बुळबुळ यांतला फरक कळत नाही. सीटीतही त्या पांढऱ्या भागातून काळ्या श्वासनलिका आरपार जाताना दिसतात, अगदी न्यूमोनियात दिसतात तशाच. म्हणून रिपोर्टात 'कन्सॉलिडेशन' हा शब्द आला. तो शब्द जागा भरली आहे एवढंच सांगतो, कशाने भरली ते नाही.

संशय येतो तो हकिकतीवरून. ताप नाही आणि कफ वाटीभर, ही जोडी न्यूमोनियात सहसा जमत नाही. दुसरं म्हणजे काळ. न्यूमोनियाचा डाग औषधाने सहा ते आठ आठवड्यांत जायला हवा, वयस्कर माणसात फार तर बारा. त्यानंतरही डाग तिथेच असेल किंवा वाढला असेल, तर 'जरा वेगळं अँटिबायोटिक देऊन बघू' हे वाक्य पुन्हा ऐकायचं नाही.

आता टीबी. आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरांच्या मनात आधी तोच येणं रास्त आहे. मला खटकतं ते पुरावा हातात नसताना गोळ्या सुरू करून नुसती वाट बघत बसणं. थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर, म्हणजे टीबीचा जंतू नेमका ओळखणाऱ्या यंत्रांवर, तपासली होती का, ते विचारा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, आणि ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं यंत्र आहे. थुंकीतून काही कळलं नाही, तर दुर्बीण घालून फुफ्फुसाचा तो भाग सलाइनने धुतात आणि ते पाणी तपासतात. टीबी असेल आणि गोळ्या लागू पडत असतील, तर दोन महिन्यांत भूक लागते, वजन चढतं. 'वजन घटतंय' हे दोन शब्द तुम्ही लिहून पुढे गेलात, मी तिथेच थांबले. मात्र माझं वाचून टीबीच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. दोन्ही आजार एकाच छातीत एकत्र असू शकतात.

पेट स्कॅन (साखर जास्त ओढणारा भाग त्यात चमकतो) करून सोक्षमोक्ष लावू, असं कोणी सुचवलं तर हेही लक्षात ठेवा : या कॅन्सरमध्ये पेट स्कॅन फिका येऊ शकतो आणि टीबीत लखलखीत. तेव्हा तुकडाच. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, पण त्या फार दुर्मीळ. खरी काळजी असते ती छातीत हवा भरण्याची किंवा थुंकीतून रक्त येण्याची. म्हणून सुईनंतर काही तास दवाखान्यात ठेवून पुन्हा फोटो काढतात. तुकडा नुसतं नाव कळण्यासाठी नसतो. त्यावर ईजीएफआर, एएलके वगैरे जनुकांच्या तपासण्या होतात आणि काहींचे उपचार त्यानंतर गोळ्यांवरही चालतात. म्युसिनस प्रकारात ईजीएफआरमधला बदल कमी आणि केरासमधला जास्त सापडतो, पण तपासायचं सगळंच.

राहिली विडी. तंबाखू हे फुफ्फुसाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण आहेच. पण आपल्या देशात हा कॅन्सर झालेल्यांत कधीही न ओढलेली माणसं बरीच असतात आणि त्यांत बायका जास्त. घरातल्या दुसऱ्याच्या विडीचा धूर हे सिद्ध झालेलं कारण आहे. चुलीतल्या लाकडाच्या धुराबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कारणीभूत' असा जपून शब्द वापरलाय. आणि काहींना कारण सापडतच नाही. तेव्हा 'कशामुळे झालं' हे शोधण्यात आईचे दिवस घालवू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. परळच्या टाटा रुग्णालयात जायचं ठरलं, तर श्रावणातल्या पहिल्या एक्स-रेपासून सगळे फोटो बरोबर न्या.

प्रश्न : बाबा 66 वर्षांचे. जन्मभर माडावर चढले. चार महिने उजवा खांदा दुखतोय, कळ काखेतून करंगळीपर्यंत जाते, रात्री झोप नाही. मालीश झालं, मानेचा पट्टा झाला, खांद्यात इंजेक्शनही झालं. आता उजव्या हाताची पकड कमी झाली आणि उजवी पापणी जरा खाली आलीय. 1986 मध्ये त्यांना टीबी झाला होता. छातीच्या फोटोत उजवीकडे वर 'जुना डाग' दिसतो म्हणतात. आजी म्हणते, 'वाताचा दुखणा आसा, होतला बरा.' खांद्यासाठी कोणाला दाखवू? (वेंगुर्ला)

खांद्यासाठी कोणालाच नको. हा अंक हातात पडल्यावर त्याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

फुफ्फुसाच्या अगदी टोकाला गाठ झाली की तिला खोकला येत नाही, दमही लागत नाही. तिच्या शेजारून हाताकडे जाणाऱ्या नसा जातात, त्या ती दाबते. म्हणून कळ करंगळीच्या बाजूने उतरते आणि पंजाचे बारीक स्नायू सुकतात. तिथूनच डोळ्याकडे जाणारी एक नस सापडली, की पापणी उतरते, त्या डोळ्याची बाहुली बारीक होते आणि चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम येत नाही. आरशासमोर दोन्ही बाहुल्या ताडून बघा. फिलाडेल्फियाच्या हेन्री पॅनकोस्ट या रेडिओलॉजिस्टने 1924 मध्ये आणि पुन्हा 1932 मध्ये या गाठीबद्दल लिहिलं, तिला त्याचंच नाव आहे. इतकी वर्षं झाली, तरी हे पेशंट आजही आधी खांद्याच्या आणि मानेच्या दवाखान्यांतून फिरून येतात.

आता फोटो. टोकाची जागा मोठी अडचणीची. वरून हासळीचं हाड, त्याखाली पहिली बरगडी, मागे दुसरी, आणि या सगळ्यांच्या मधे उरते ती बोटभर काळी फट. मी फोटो लावला की आधी दोन्ही बाजूंच्या त्या फटी एकमेकींशी जुळवते. एका बाजूला टोपी घातल्यासारखी पांढरी कड जाड असली, तर नजर तिथून बरगडीवर जाते. बरगडीची रेघ अखंड असली पाहिजे. ती मधेच पुसली गेली असेल, तर ते टीबीच्या व्रणाचं काम नव्हे. टीबीचा व्रण आक्रसतो, आजूबाजूचं आपल्याकडे ओढतो, हाड खात नाही. पण जुन्या व्रणाशेजारी, कधी व्रणातही, कॅन्सर होऊ शकतो आणि मग दोघं एकमेकांत मिसळून जातात. बाबांचा डाग जुनाच आहे की नाही, हे ठरवायला जुना फोटो लागतो. 1986 चा नसेल तर मधल्या वर्षांतला कुठलाही चालेल. हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेला असेल, गल्फच्या मेडिकलचा असेल, ट्रंका शोधा. दोन्हींत तंतोतंत तेच दिसलं तर बरं. नसेल तर सीटी, आणि नसांपर्यंत कितपत गेलंय हे बघायला एमआरआय.

पसरलेलं नसलं, तर यात बहुधा आधी केमो आणि रेडिएशन बरोबरच देतात, मग ऑपरेशन. सिंधुदुर्गातून तुम्हाला बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ. मालीश आजच बंद करा, हाड पोखरलं असेल तर ते मोडायचं.

प्रश्न : ट्रॉलरवर इंजिनाचं काम करतो, वय 52, सिगारेट तीस वर्षं, आता सोडली. दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत 'हवेचा फुगा' होता. यंदाच्या सीटीत त्याच फुग्याची भिंत एका बाजूला जाड झाली, असं लिहून ऑपरेशनचा सल्ला दिलाय. फुगा तर आत पोकळ आहे. पोकळ वस्तू कॅन्सर कशी? (हर्णै)

तुम्ही दोन्ही सीटी जपून ठेवलेत. असा वाचक विरळा.

पोकळ कॅन्सर दोन तऱ्हांनी होतो. एका तऱ्हेत गाठ आधी घट्ट असते, मग तिचा मधला भाग मरतो, गळून खोकल्यावाटे बाहेर पडतो आणि भोक राहतं. अशा भोकाची भिंत जाड, आतून ओबडधोबड. भिंत 4 मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर बहुधा साधं प्रकरण, 15 च्या वर गेली तर बहुधा कॅन्सर आणि मधल्या जागेत सगळे बसतात : टीबी, फोड, बुरशी, कॅन्सर. तुमची तऱ्हा दुसरी वाटते. बारीक श्वासनलिकेच्या तोंडाशी कॅन्सर सुरू होतो, हवा आत जाते पण नीट बाहेर येत नाही, त्यामुळे पुढचा भाग फुगत जातो. पहिल्या फोटोत दिसतो नुसता पातळ भिंतीचा फुगा, आणि सिगारेट ओढणाऱ्यांच्या छातीत असे निरुपद्रवी फुगे इतके असतात की त्याकडे कोणी दोनदा बघत नाही. पुढे भिंतीला एका बाजूला गोळा धरतो. पोकळी कधी मोठी होते, कधी उलट घट्ट भागाने भरत जाऊन लहान होते. 'फुगा लहान झाला' म्हणून पेढे वाटायचे नाहीत ते यासाठी.

पेट स्कॅनमध्ये हा फारसा चमकत नाही, कारण चमकायला घट्ट भागच थोडा असतो. पातळ भिंतीत सुईही नीट बसत नाही आणि हवा सुटण्याचा धोका असतो. म्हणून एकदम ऑपरेशन सुचवलेलं दिसतं, आणि ते मला पटतं. दुसरं मत घ्यायचं तर घ्या, पण मासेमारीचा हंगाम संपेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : मुंबई-गोवा हायवेवर बाइकवरून पडलो, म्हणून सीटी केला. बरगड्या ठीक, पण डाव्या फुफ्फुसात '7 मिमी ग्राउंड ग्लास' निघालं. वय 44, व्यसन नाही. झोप उडालीय. (चिपळूण)

हा शब्द 2020-21 मध्ये घराघरात पोचला. कोविडच्या एचआरसीटीचा स्कोअर सांगताना तोच वापरत. घासलेल्या काचेसारखी धूसर जागा, मागच्या रक्तवाहिन्या दिसू देणारी. कोविडमध्ये अशा जागा दोन्ही फुफ्फुसांत पसरलेल्या असत, तुमची एकच आणि छोटी आहे. पडल्यामुळे आतल्या आत थोडं रक्त साकळलं असेल, जुना संसर्ग असेल, किंवा अगदी सुरुवातीच्या, अतिशय संथ अ‍ॅडिनोकार्सिनोमाचीही ती जागा असू शकते. आजच्या एका सीटीवरून हे कोणालाच सांगता येणार नाही.

पूर्ण धूसर आणि 6 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी जागा असेल, तर सहा ते बारा महिन्यांनी सीटी, ती टिकली तर पुढे पाच वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, असा आंतरराष्ट्रीय शिरस्ता आहे. इतका धीर परवडतो, कारण ही जात हळू वाढते. घाई करायची ती धूसर भागाच्या मधे घट्ट पांढरा ठिपका दिसू लागला तर. पुढचा सीटी शक्यतो त्याच सेंटरवर करा आणि मोजमापाकडे नीट बघा : व्यास 10 वरून साडेबारा मिलिमीटर झाला, ऐकायला किरकोळ वाटतं, पण गाठीचं आकारमान जवळजवळ दुप्पट झालेलं असतं.

प्रश्न : फोटोत गोल डाग निघाला. टेक्निशियनने छातीला धातूची चकती चिकटवून पुन्हा फोटो काढला आणि 'काही नाही, जा' म्हणाला. हा काय प्रकार? (मालवण)

स्तनाग्राची सावली. पुरुषांतही पडते. चकती नेमकी त्या डागावर आली, म्हणजे डाग छातीच्या बाहेरचा. खांद्यावर सोडलेली वेणी, गळ्यातला ताईत, सदऱ्याचं बटण, सगळ्यांनी आजवर कॅन्सरची सोंगं घेतली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे रात्री नाकात खोबरेल सोडायची पद्धत. सासूबाई वर्षानुवर्षं सोडतात. त्यांच्या फुफ्फुसात गाठ निघाली. तुकड्यात कॅन्सर नाही, तेल आहे म्हणाले. असं असतं? (राजापूर)

असतं, वहिनी. झोपेत ते तेल घशातून थेंब थेंब श्वासनलिकेत उतरतं. तेलाने ठसका लागत नाही, म्हणून कळत नाही. फुफ्फुसाला ते पचवता येत नाही, त्याभोवती सूज धरते आणि फोटोत थेट कॅन्सरसारखी गाठ दिसते, कडा काटेरी असलेली. सीटीत मी अशा गाठीची घनता मोजते. पाणी शून्य धरलं की चरबी आणि तेल शून्याच्या खाली येतात. आकडा उणे साठ-सत्तरच्या आसपास आला, की पहिला प्रश्न नाकात काय घालता हा. पण सूज तेलापेक्षा जास्त असली तर आकडाही फसवतो, म्हणून त्यांनी तुकडा काढला ते योग्यच. तेल बंद करा आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा सीटी करा. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्याही नाकात सोडू नका, आजीने कितीही सांगितलं तरी.

प्रश्न : एक्स-रे नॉर्मल आला तरी कॅन्सर असू शकतो, असं वाचलं. मग दरवर्षी सगळ्यांनीच सीटी का करू नये? (श्रीवर्धन)

पहिलं खरं आहे. लक्षणं असलेल्या माणसातही एक्स-रे पाचातला एखादा कॅन्सर दाखवत नाही. हृदयामागे, छातीच्या पडद्याच्या घुमटाआड आणि हासळीखाली लपायला जागा आहे. म्हणून थुंकीत रक्त आलं असेल, तर नॉर्मल फोटोवर समाधान मानायचं नाही.

दुसऱ्याचं उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत आहे, 2011 मध्ये छापून आलेल्या. भरपूर सिगारेट ओढलेल्या 53 हजारांहून जास्त लोकांत कमी मात्रेचा सीटी करणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू एक्स-रे करणाऱ्यांपेक्षा 20 टक्के कमी झाले. फायदा खरा. पण सीटीत जे संशयास्पद डाग सापडले, त्यांतले 96 टक्के कॅन्सर नव्हतेच. हे अमेरिकेत. आपल्याकडे टीबीचे व्रण घेऊन हिंडणारी माणसं किती, ते तुम्हीच बघा. पन्नाशी ओलांडली आहे आणि रोज एक पाकीट या हिशेबाने वीस वर्षं सिगारेट ओढली आहे, अशा माणसाने छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. न ओढणाऱ्या, लक्षण नसलेल्या माणसाने पॅकेज स्वस्त आहे म्हणून सीटी करून घेऊ नये. चिपळूणच्या वाचकाची उडालेली झोप आठवा.

प्रश्न : तुम्ही नेहमी जुने फोटो ठेवा म्हणता. माळ्यावरचे फोटो पावसाने एकमेकांना चिकटलेत, सीटीची फिल्म काळी पडलीय, सीडी उघडत नाही. काय ठेवू? (देवगड)

चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, फिल्मचा थर निघून येतो आणि नेमका हवा तो भाग जातो. तसेच गठ्ठ्याने आणा, वरचा फोटो तरी वाचता येतो. काळी पडलेली सीटीची फिल्म बहुधा थर्मल आहे. ती उष्णतेनेच छापतात, म्हणून उष्णतेनेच बिघडते. तुमचा माळा चुलीवर असणार. फोटो उभे, कोरड्या कपाटात, कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते.

सीडी उघडत नसेल तर ज्या सेंटरवर सीटी झाला तिथे तारीख आणि नाव सांगून दुसरी प्रत मागा. बरीच सेंटरं काही वर्षं डेटा ठेवतात, कायम ठेवतीलच असं नाही, तेव्हा या आठवड्यात जा. प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि 'डायकॉम', म्हणजे स्कॅनच्या मूळ, फाइल पाहिजेत असं स्पष्ट सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फिल्मचा मोबाइल फोटो माझ्या उपयोगाचा नाही, त्यात तुमच्या खिडकीचे गज जास्त स्पष्ट दिसतात.